हे कुणाला सांगायलास, बाबा?

वर्षावासात आमच्या बोरीच्या वस्तीतल्या विहारात तीन महिने संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं वाचन चालतं. निंदणीवरून थकून आलेल्या बाया भिंतीला पाठ टेकून बसतात, लेकरं मांडीवर झोपून जातात, म्हातारी माणसं मान डोलावतात. मागच्या वेळी वाचन संपलं तेव्हा आम्ही पाच-सात जणांनी ठरवलं, आता थांबायचं नाही. आपल्या माणसांनी लिहिलेली पुस्तकं याच विहारात, याच माणसांपुढं वाचायची. पहिलं पुस्तक काढलं दया पवारांचं 'बलुतं'. वाचणारा मी.

दोन दिवस सगळं नीट चाललं. तिसऱ्या दिवशी माझी मोठी माय मधेच म्हणाली, "आरं बाबा, ह्ये समदं आमाला म्हाईत हाय. आमी जगलाव की ह्ये. ह्यो कुणाला सांगायलाय?"

पोरं हसली. मीही हसलो. म्हटलं, मोठे माय, हे साहित्य आहे. त्यावर ती म्हणाली, "आसंल. पर कुणाला सांगायलाय?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. वीस-पंचवीस वर्षं मी दलित साहित्य वाचतो. त्यावर बोलतो, परिसंवादाला जातो, वेळप्रसंगी टाळ्याही घेतो. वेदना, विद्रोह, नकार हे शब्द मला तोंडपाठ आहेत. पण हा एवढा साधा प्रश्न मी कोणत्याही पुस्तकाला विचारला नव्हता. काय सांगितलं ते आम्ही विचारतो, कसं सांगितलं ते विचारतो. कुणाला सांगितलं हे विचारत नाही. आणि मित्रांनो, माणूस कुणाशी बोलतो यावरच तो स्वतःला कोण समजतो हे ठरत असतं. या लेखात मला एवढंच तपासायचं आहे. मी समीक्षक नाही. चुकलो तर हातात खडू घेऊन दुरुस्त करा.

सुरुवात गावापासूनच करू. गावगाड्यात आपल्या बापजाद्यांचं काम काय होतं? मेलेली ढोरं ओढणं हे सगळ्यांना आठवतं. पण आणखी एक काम होतं, त्याच्याकडं आपलं लक्ष जात नाही. तराळ, येसकर म्हणजे गावाचा निरोप्या. कुणी मेलं की परगावी सांगावा घेऊन जायचं. पाटलाचा निरोप, सरकारी टपाल, वाटसरूचं ओझं, सगळं याच्याच पायांवर. म्हणजे गावातल्या प्रत्येकाचा शब्द जो माणूस वाहून नेत होता, त्याला स्वतःचा शब्द नव्हता. मयताची बातमी त्यानं उन्हातानात पळत नेली, पण ती ज्या घरी दिली त्या घराच्या ओट्यावर त्याला चढता आलं नाही. खालूनच ओरडून सांगायचं आणि खालूनच भाकरी घ्यायची. रस्त्यात कुणी मोठा दिसला की कमरेत वाकून जोहार घालायचा. त्या जोहाराला उत्तर नसायचं. ज्या बोलण्याला उत्तर मिळत नाही, ते आयुष्यभर बोलत राहिलं की माणसाला आपल्याच आवाजाची लाज वाटायला लागते.

नावांचं पाहा. धोंड्या, कचऱ्या, दगड्या. लेकरू जगावं म्हणून वंगाळ नाव ठेवायची रीत सगळ्याच जातींत होती, हे मला ठाऊक आहे. पण पाटलाचा धोंडू मोठा झाला की धोंडीबा व्हायचा, धोंडीबाचा धोंडोपंत व्हायचा. आपला धोंड्या सत्तर वर्षांचा होऊन मेला तरी धोंड्याच. पाटलाचं दहा वर्षांचं पोरगं त्याला अरेतुरे करायचं आणि तो त्या पोराला मालक म्हणायचा. दिवसातून पन्नास वेळा जे ऐकू येतं तेच माणूस आतून स्वतःला म्हणायला लागतो. हा काही विद्यापीठातला सिद्धांत नाही, आपल्या आजोबांचं रोजचं जगणं आहे. अमेरिकेत चार्ल्स कूली नावाच्या समाजशास्त्रज्ञानं १९०२ साली हेच मांडलं, की दुसऱ्याची नजर हा माणसाचा आरसा असतो आणि त्यात दिसतं तेच तो स्वतःचं रूप समजतो. पुढच्याच वर्षी, १९०३ साली, ड्यू बॉइस या काळ्या विचारवंतानं 'द सोल्स ऑफ ब्लॅक फोक' या पुस्तकात सांगितलं, की काळ्या माणसाला स्वतःकडं नेहमी गोऱ्यांच्या डोळ्यांतून पाहावं लागतं आणि त्यामुळं तो आतून दुभंगतो. बाबासाहेबांनी १९४६ साली याच ड्यू बॉइसना पत्र लिहिलं होतं, ही गोष्ट आपल्या पोरांना माहीत असायला हवी.

बाबासाहेबांचं काम या अंगानं पुन्हा वाचून पाहा. ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी पाक्षिक काढलं आणि नाव ठेवलं 'मूकनायक'. मुक्यांचा नायक. हजारो वर्षं दुसऱ्यांचे निरोप वाहणाऱ्याला स्वतःचं तोंड दिलं. पैसे देतो म्हटलं तरी त्याची जाहिरात छापायला 'केसरी'नं नकार दिला होता, ही आठवण बाबासाहेबांनीच नोंदवून ठेवली आहे. पुढं १९२७ साली 'बहिष्कृत भारत', १९३० साली 'जनता', १९५६ साली 'प्रबुद्ध भारत'. ही नावं एकाखाली एक लिहा. मूक, बहिष्कृत, जनता, प्रबुद्ध. छत्तीस वर्षांत एक समाज स्वतःला काय म्हणायला लागला त्याचा हा इतिहास आहे. वर्तमानपत्राचं नाव बदलत गेलं तसा वाचणाराही बदलत गेला. त्याला कुणीतरी पहिल्यांदाच 'तू ऐक' असं न म्हणता 'आपण विचार करू' असं म्हणत होतं.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृती जाळली, हे आपण दरवर्षी सांगतो. त्याच परिषदेत बाबासाहेब बायांशी वेगळं बोलले, ते मात्र एका ओळीत उरकतो. त्यांनी सांगितलं, की लुगडं वरच्या जातीच्या बायांसारखं नेसा आणि हातापायांतले जड, अंगावर अस्पृश्यतेची खूण वागवणारे दागिने टाकून द्या. काही पुढारलेले लोक म्हणतात, ही तर वरच्यांची नक्कल झाली. मला तसं वाटत नाही. गुडघ्यापर्यंत लुगडं आणि कथलाचे दागिने हीसुद्धा एक भाषा होती. बाई न बोलता लांबूनच सांगत होती, मी कोण आहे, माझ्याशी कसं वागायचं. ही भाषा तिनं निवडलेली नव्हती. अंगावर लिहिलेला दुसऱ्याचा मजकूर तिनं पुसून टाकला. मोठी माय सांगते, तिच्या सासूनं पहिल्यांदा घोट्यापर्यंत लुगडं नेसलं तेव्हा गावातले लोक हसले. पण विहिरीवरून परत येताना सासू म्हणाली, "चालताना पाय आपलेच वाटले बग."

तसंच 'जय भीम'. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. कन्नड तालुक्यातल्या मक्रणपूरला ३० डिसेंबर १९३८ रोजी परिषद झाली, बाबासाहेब आले. आता जोहार नको, एकमेकांना जय भीम म्हणा, असं भाऊसाहेब मोरे यांनी तिथं सांगितलं अशी नोंद आहे. या अभिवादनाचं श्रेय कामठीच्या बाबू हरदासांना दिलं जातं, तेही खरंच. श्रेयाचा वाद मला घालायचा नाही. मला दिसतं ते एवढंच, की जोहाराला उत्तर नव्हतं, जय भीमला उत्तर आहे. म्हणणारा आणि ऐकणारा दोघंही तोच शब्द म्हणतात. कमरेत वाकायची गरज उरत नाही. आजही वस्तीत दोन माणसं समोरासमोर आली की हा शब्द जातो आणि परत येतो.

बाबासाहेबांचे गुरू जॉन ड्यूई. समाज हा माणसांच्या आपसातल्या देवाणघेवाणीतून, संवादातून उभा राहतो, असं ड्यूईंचं म्हणणं. बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलना'त ते पुढं नेलं. लोकशाही म्हणजे नुसता राज्यकारभाराचा प्रकार नाही, ती एकमेकांत मिसळून, एकमेकांपर्यंत अनुभव पोचवत जगण्याची रीत आहे. जात ही रीतच तोडते. ती माणसामाणसांत भिंत बांधते आणि बोलणं एकाच बाजूनं वाहू देते, वरून खाली. तेव्हा आपलं साहित्य तपासताना पहिला प्रश्न हाच हवा, की या लेखनात बोलणं कोणत्या बाजूनं वाहतं?

आता पुस्तकांकडं येऊ. बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ सालचा. शीर्षककथेतला नायक रेल्वेच्या नोकरीसाठी गुजरातमधल्या उधन्याला जातो. खोली मिळावी म्हणून जात लपवतो. रामचरण नावाचा सहकारी त्याला मोठा विद्वान, कवी मानून डोक्यावर घेतो. त्याच गाडीखान्यात काशीनाथ नावाचा आपलाच एक पोरगा येतो. तो जात लपवत नाही. कुणी विचारलं की उलट अंगावर जातो, सुरा काढतो. शेवटी नायकाची जात उघडी पडते, डोक्यावर घेणारेच त्याला मारतात आणि काशीनाथ त्याला सोडवतो.

आपण ही कथा वाचतो आणि काशीनाथाच्या बाजूनं उभे राहतो. मीही उभा राहिलो. पण पुन्हा वाचा. लपवणारा आणि सुरा काढणारा, दोघंही एकाच प्रश्नाला उत्तर देत आहेत. प्रश्न विचारणारा तिसराच आहे. 'तुझी जात कोणती?' असं तो विचारतो आणि या दोन पोरांचं सगळं वागणं, बोलणं, हसणं, चालणं त्या एका प्रश्नाभोवती फिरतं. काशीनाथाचा सुरा खरा आहे, त्याची गरजही खरी आहे, त्याच्यावाचून नायक जिवंत राहिला नसता. पण दिवसभर सुरा हातात धरलेल्या माणसाला त्या हातानं दुसरं काही करता येत नाही. ही दोघांची शोकांतिका आहे, एकट्या लपवणाऱ्याची नाही. बागुलांनी ते दाखवलं. आपण मात्र अर्धंच घेतलं.

मी हे तावातावानं लिहितो आहे, तेव्हा माझंही सांगायला हवं. नामांतराचा लढा तुम्हाला माहीत आहे. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं ठराव केला आणि मराठवाडा पेटला. नांदेड, परभणीकडच्या खेड्यांत आपल्या वस्त्या जळाल्या, पोचीराम कांबळेंना हाल करून मारलं. २५ नोव्हेंबर १९९३ ला नांदेडात गौतम वाघमारेंनी स्वतःला जाळून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांचं नाव आलं, तेही 'मराठवाडा' कायम ठेवून. साडेपंधरा वर्षं एका नावासाठी. नावात काय आहे म्हणणाऱ्यांना विचारा, काही नव्हतं तर घरं कशाला जाळली?

त्याच विद्यापीठाची पदवी घेऊन मी पुण्यात एका ठिकाणी मुलाखतीला गेलो. समोर तिघं बसलेले. एकानं विचारलं, कुठून झालं शिक्षण? मी म्हणालो, "औरंगाबादच्या विद्यापीठातून." पूर्ण नाव घेतलं नाही. जिभेवर आलं होतं, गिळलं. त्यांनी विचारलं, गाव? म्हटलं, परभणीकडचं, बोरी. मग ते आडनावाचा अंदाज घेत राहिले आणि मी हसत राहिलो. नोकरी मिळाली नाही, तो भाग वेगळा. बाहेर येऊन टपरीवर चहा घेतला तेव्हा हात थरथरत होते. ज्या नावासाठी माणसं जळाली ते नाव मी एका खुर्चीपुढं गिळलं होतं. बागुलांचा नायक मला तेव्हा खरा कळला. जात चोरायला खोटंच बोलावं लागतं असं नाही. एक शब्द गिळला तरी पुरतं.

म्हणून 'बलुतं'कडं मी आता वेगळ्या नजरेनं पाहतो. १९७८ साली ग्रंथालीनं ते काढलं. मराठवाडा पेटला तेच साल. त्यावर दोन्हीकडून बोलणं झालं. तिकडचे म्हणाले, काय विलक्षण अनुभव! आपल्यातले काही म्हणाले, आपली लक्तरं वेशीवर टांगली. दोघांनीही पुस्तकाची मांडणी नीट पाहिली नाही, असं मला वाटतं. या पुस्तकात दगडू मारुती पवार आपली कहाणी सांगतो, आणि कुणाला सांगतो? दया पवारांना. एकच माणूस. धामणगावच्या महारवाड्यातला आणि मुंबईच्या कावाखान्यातला दगडू बोलतो, आणि शिकलेला, पांढरपेशा झालेला, कवी म्हणून नाव कमावलेला दया पवार ऐकतो. दगडूचा दया झाला, पण दगडू गेला नाही. त्याला बोलायचं आहे आणि त्याचं ऐकून घेणारं जगात दुसरं कुणी नाही.

ड्यू बॉइसनं जो दुभंग सांगितला तो इथं पुस्तकाच्या बांधणीतच आहे. मला हे 'बलुतं'चं सगळ्यात मोठं बळ वाटतं. लेखकानं आपण एकसंध असल्याचं सोंग घेतलं नाही. मोठ्या मायच्या प्रश्नाला हे पुस्तक प्रामाणिक उत्तर देतं, की मी माझ्याच दुसऱ्या अर्ध्याला सांगतो आहे. पण याच उत्तरात त्याची मर्यादाही आहे. दगडू आणि दया यांच्या बोलण्यात मोठी माय कुठं बसते? कावाखान्यातल्या बाया, आई, बायको, या सगळ्यांबद्दल बोललं जातं, त्यांच्याशी बोललं जात नाही. त्या ऐकणाऱ्यांत नाहीत, सांगण्याचा विषय आहेत. म्हणूनच विहारात भिंतीला टेकून बसलेल्या बाईला वाटलं, की हे माझ्याविषयी आहे, पण मला उद्देशून नाही.

'बलुतं'नंतर आत्मकथनांची रीघ लागली. १९७९ ला प्र. ई. सोनकांबळेंचं 'आठवणींचे पक्षी', १९८० ला लक्ष्मण मानेंचं 'उपरा', १९८४ ला शरणकुमार लिंबाळेंचं 'अक्करमाशी'. या पुस्तकांनी मराठी साहित्याची जमीन नांगरली, त्याचं मोल कमी लेखणारा मी कोण? पण पुढं पुढं काय झालं? अशा लेखनाला बाहेर एक गिऱ्हाईक तयार झालं. त्याला भूक हवी, मेलेल्या ढोराचं मटण हवं, आईची अब्रू हवी. पुस्तकाच्या शेवटी शब्दांचे अर्थ द्यायची पद्धत पडली. चानी म्हणजे काय, येसकर म्हणजे काय. अर्थ कुणासाठी? ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी. म्हणजे लिहितानाच लेखकाच्या डोळ्यांपुढं तो बसलेला होता. मग हळूहळू आपण आपल्या आठवणींतून त्याला लागतील त्याच निवडायला लागलो. माझी माय लग्नात कशी खदखदून हसायची, बाप रात्री डफावर कसा रमायचा, भीमजयंतीच्या आदल्या रात्री निळ घोटताना पोरं कशी भांडायची, हे लिहायचं राहिलं, कारण त्याला भाव नव्हता. आणि जे लिहिलं जात नाही ते पुढच्या पिढीला स्वतःत दिसतही नाही. आमचा इतिहास म्हणजे नुसता मार खाणं, असं समजणारी पोरं मी पाहिली आहेत.

'बलुतं' अर्धं ठेवून आम्ही बेबीताई कांबळेंचं 'जिणं आमुचं' वाचायला घेतलं. आधी ते 'स्त्री' मासिकातून आलं, १९८६ साली पुस्तक झालं. बेबीताई फलटणच्या. किराणा मालाचं छोटं दुकान चालवायच्या, पुड्या बांधायला आलेल्या कागदांवरचा मजकूर वाचायच्या. गिऱ्हाईक नसेल तेव्हा लिहायच्या आणि लिहिलेलं घरातल्या माणसांपासून वर्षानुवर्षं लपवून ठेवायच्या. नावच पाहा, 'जिणं आमुचं'. माझं नाही, आमचं.

विहारात पहिल्याच दिवशी चमत्कार झाला. चमत्कार हा शब्द आपल्याला वर्ज्य आहे, तरी वापरतो. बाया मधे बोलायला लागल्या. आखाडाच्या सणाचं वर्णन आलं तेव्हा मोठी माय म्हणाली, "आमच्याकडं आसं नव्हतं, थांब, म्या सांगते." बाळंतिणीच्या हालांचं आलं तेव्हा कुणीच बोललं नाही, नुसते हुंदके. सासूनं सुनेला छळल्याचं आलं तेव्हा एकीनं दुसरीकडं पाहिलं आणि दोघी हसल्या. आणि बायकोला मारणाऱ्या, संशय घेणाऱ्या आपल्याच पुरुषांचं आलं तेव्हा माझ्या बाजूला बसलेले दोन कार्यकर्ते पाणी प्यायला म्हणून उठून गेले.

मोठ्या मायनं त्या दिवशी प्रश्न विचारला नाही. तिला उत्तर मिळालं होतं. ही बाई तिच्याशी बोलत होती. गंमत अशी, की 'स्त्री' मासिकाचे वाचक बहुतेक पांढरपेशे. म्हणजे छापलं गेलं त्यांच्यापुढं, पण बोलणं चाललं होतं आपल्या बायांशी, आणि आपल्या शिकून सवरून विसरलेल्या पोरांशी. त्या पोरांना बेबीताईंनी चांगलंच सुनावलं आहे. तेव्हा कुठं छापलं जातं यावर काही ठरत नाही. लिहिताना समोर कुणाला बसवलं यावर ठरतं.

आता दोस्तहो, आपल्यावर येतो. आपल्याला तीन तोंडं आहेत. एक घरातलं. माय भाकरी टाकताना विचारते, "कुठं गेलतास रं?" त्याला आपण धड उत्तरही देत नाही. दुसरं स्टेजवरचं. माइक हातात आला की तीच जीभ 'प्रस्थापित व्यवस्थेचं षड्‍यंत्र' म्हणते आणि समोर बसलेली माय आपल्याकडं परक्यासारखी पाहते. तिसरं कचेरीतलं. एका कचेरीत मोठ्या मायच्या निराधार पगाराचं काम होतं. आदल्या दिवशी मी जयंतीच्या स्टेजवर व्यवस्था उलथून टाकली होती. दुसऱ्या दिवशी त्या बाबूपुढं मी हात जोडून, मान तिरपी करून, "साहेब, जरा बघा की" असं म्हणत होतो. मोठी माय शेजारीच उभी होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "काल लई मोठ्यानं बोलत व्हतास." बाकी काही बोलली नाही.

तो नुसता हात जोडणं नव्हता, तो जोहारच होता. माझ्या कमरेला तो अजून पाठ आहे. मोठं भाषण त्याला घालवू शकलं नाही, कारण भाषण मी कुणाशी बोलतच नव्हतो. ते मी माझ्या स्वतःच्या चित्रासाठी करत होतो.

आजच्या पोरांकडं तर चित्रं काढायला खिशात यंत्रच आहे. मोबाइलवरचे फोटो पाहा. गॉगल, वाघ, पेटती आग, खाली 'किंग', 'बाप', 'नाद करायचा नाय'. मी त्यांना हसत नाही. ज्यांच्या आजाला सत्तर वर्षं धोंड्या म्हटलं त्यांच्या नातवानं स्वतःला किंग म्हटलं तर त्यामागचं दुखणं मला कळतं. पण तोही काशीनाथाचाच सुरा आहे. समोर कोण बसलंय? पुन्हा तोच, जात विचारणारा. त्याला घाबरवायचं आहे. त्या फोटोकडं पोराची बहीण कशी पाहते, तिला त्यात आपला भाऊ दिसतो का, हे कुणी विचारत नाही. बाबासाहेबांनी सूट घातला, पण त्या सूटच्या आत रात्र रात्र वाचणारा माणूस होता. आपण सूट घेतला.

कुणी म्हणेल, मग सवर्णांशी बोलायचंच नाही का? आपलंच आपल्याला सांगत बसायचं? असं मी म्हणत नाही. बाबासाहेब त्यांच्याशी आयुष्यभर बोलले. १९३६ सालचं 'जातिनिर्मूलन' हे भाषण लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठीच लिहिलेलं होतं. मंडळाला त्यातला मजकूर खटकला, बदला म्हणाले. बाबासाहेबांनी कळवलं, स्वल्पविरामही बदलणार नाही. परिषद रद्द झाली, भाषण झालंच नाही, त्यांनी ते स्वतःच्या खर्चानं छापलं. बोलणं सवर्णांशी होतं, पण लेखणी त्यांच्या हातात दिली नव्हती. कीव मागितली नाही आणि भीतीही घातली नाही. तर्क मांडला आणि उत्तर द्या म्हटलं. समोरच्याला बरोबरीचा समजल्याशिवाय असं बोलता येत नाही, आणि स्वतःला बरोबरीचा समजल्याशिवाय तर नाहीच नाही.

आणखी एक आक्षेप येईल, की शब्द बदलून काय होतं, पोट भरतं का? डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळानं वस्त्यांची जातिवाचक नावं काढून समतानगर, भीमनगर अशी नावं द्यायचा निर्णय घेतला. चांगलं झालं. पण गावात पत्ता विचारा, अजूनही हात वर करून जुनंच नाव सांगितलं जातं, किंवा नुसतं 'तिकडं' म्हणतात. पाटीनं माणूस बदलत नाही हे मान्य. महाडच्या बायांनी लुगडं बदललं ते पाटी बदलल्यासारखं नव्हतं, त्या ठरवून, एकमेकींशी बोलून बदलल्या. मक्रणपूरचा जय भीम सरकारी हुकमानं आला नाही. आपसात बोलून जे बदलतं ते टिकतं. पोटाचंही तसंच आहे. गायरानासाठी, मजुरीसाठी जे लढे झाले ते वस्तीत रात्र रात्र बसून, बायांचं ऐकून झाले. नुसत्या भाषणांनी झाले नाहीत.

म्हणून माझं या नियतकालिकाच्या लिहित्या मित्रांना साधं सांगणं आहे. लिहिलेलं संपादकाकडं पाठवण्याआधी एकदा वस्तीत वाचा. विहारात, पारावर, नाहीतर घरातच चुलीपुढं. माय मधे बोलली तर समजा, लिखाण जिवंत आहे. ती उठून भांडी घासायला गेली तर पुन्हा लिहा. आपल्या पुरुषांविषयीचं काही वाचताना तुमचा आवाज खाली आला, तर ते ठिकाण खोडू नका, तिथंच थांबून आणखी लिहा. आणि कार्यक्रमात बायांना फक्त हार-गुलदस्ते द्यायला उभं करायचं बंद करा. माइक द्या, आणि त्या बोलत असताना घड्याळ पाहू नका.

हा लेखही मी तसाच वाचला. मोठ्या मायला सगळा कळला नाही. ड्यूई, कूली आले तेव्हा ती पान चघळत बसली. पुण्याच्या मुलाखतीचं आलं तेव्हा तिनं पान थुंकलं आणि विचारलं, "मग सांगायचं नव्हतं का रं नाव?"

म्हटलं, भ्यालो.

"मंग आता सांगायलास ते कुणाला?"

तुलाच, म्हटलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "लिव्ह. पर त्या हापिसाचं बी लिव्ह, जिथं तू हात जोडलेस. ते खोडू नको."

ते खोडलेलं नाही.